कारणे द्या : गुण दोन

सदतीस वर्षं मी फळ्यावर लिहिलं :
कारणे द्या. तापी पश्चिमवाहिनी आहे.
आणि खाली, रेघ मारून, उत्तरही मीच :
कारण भूभागाचा उतार पश्चिमेकडे आहे.
पोरं लिहून घ्यायची. घंटा व्हायची.
उतार का आहे, हे ना त्यांनी विचारलं
ना मला कधी झोपेतही सुचलं.

आता सावद्याच्या वाचनालयात दर गुरुवारी चारला
आम्ही बसतो. वर्ग आधी माडीवर होता,
गुडघ्यांनी ठराव केला, खाली आणला.
मागच्या महिन्यात मोतीबिंदू, त्याआधी मृत्युपत्र
(त्या दिवशी खुर्च्या कमी पडल्या),
आणि या वेळी रेहाना तडवी, यावलकडची,
वय असेल सत्तावीस. विषय : आपल्या पायाखाली.
भंगाळे अण्णांनी कानातलं यंत्र पुढे सरकवलं.

तिनं आमच्याकडूनच तीन जाड वह्या मागितल्या.
उभ्या धरल्या, दोन्ही तळव्यांत घट्ट,
मग तळवे किंचित सैल सोडले.
मधली वही सर्रकन खाली गेली.
‘इकडचा सातपुडा,’ ती म्हणाली, ‘तिकडची दक्षिणेची जमीन,
आणि ही मधली, खचलेली, आपण.
नदीला वाट आयतीच मिळाली.’

मागून द्वारकाबाई झांबरे उठल्या.
उठायला त्यांना खुर्चीची पाठ लागते.
जन्म केळीत गेला, शाळा दुसरीपर्यंत.
‘म्हनूनच व माय,
आमच्या बोरले साडेतीनशे फूट नुसती मातीच निंघाली.
बोरवाला म्हने, तुमचे दगड चोरीले गेले काय?’
सगळे हसले. रेहाना हसली नाही.
‘कुठलं शिवार, काकू? मातीचा रंग कसा होता?’
आणि तिनं लिहून घेतलं.
लिहून घेतलं.
मी जन्मभर लिहून द्यायचो.

रविवारी सहल. चांगदेव, संगमावर.
वीस जण, एक मिनी बस, अकरा पिशव्या गोळ्यांच्या,
भरिताचा डबा एवढा, की त्याला वेगळी सीट.
गोकर्णाताई फिरके खिडकीशी, कारण उलटी.
राणे आप्पा दाराशी, कारण सगळ्यांना माहीत.
‘कारणे द्या,’ मी म्हणालो. विनोद पडला.

संगमावर पाणी उभंच.
खाली हतनूरचं धरण, त्याचा फुगवटा इथवर.
पूर्णा कुठली, तापी कुठली, कुठून कुठे,
काही कळेना. अण्णांनी केळीच्या पानाचा तुकडा सोडला,
तो जागच्या जागी डुलत राहिला.
मी, पश्चिमवाहिनीचा मास्तर,
काठी टेकून काठावर,
पश्चिम कुठली हे विचारायला लाजलो.

आणि तिथंच आठवली ती उत्तरपत्रिका.
बहुधा ब्याऐंशी, सहामाही, सातवी ब.
वाकडं अक्षर, शाई पसरलेली :
कारण तिकडं खड्डा आहे.
लाल पेनानं शून्य दिलं होतं मी,
गोल, व्यवस्थित,
वर स्टाफरूममध्ये वाचूनही दाखवलं होतं.
चहा आणणारा पोऱ्यासुद्धा हसला होता.

नाव काही आठवेना.
परतताना बसभर विचारत राहिलो,
डावखुरा होता, बाप बहुधा जिनिंगमध्ये हमाल,
कुणाला काही?
‘चाळीस वर्सं झाली भो,’ आप्पा म्हणाले, ‘जाऊ दे ना आता.’
समोर सातपुडा, पट्टीनं आखल्यासारखा सरळ.
इतका सरळ. रोज अंगणातून दिसणारा.

शेजारी द्वारकाबाई. मांडीवर
बिस्किटाच्या कागदात संगमावरची माती.
‘घरी आमच्या बोरची ठेवलेली हाये पत्र्याच्या डब्यात,
तिच्याशी लावून पाह्यते,
मंग सांगते त्या पोरीले.
तुमी नाही घेतली का मास्तर?’

नाही म्हणालो.
त्यांनी पुडी उलगडली, माझा रुमाल मागितला,
आणि बस गचके खात असताना,
एक कणही न सांडता,
त्यात अर्धी ओतली.