उजवा ऑल्ट

नारीनच्या वाचनालयात चार कॉम्प्युटर.
त्यातला एक नुसताच गुरगुरतो.
बाहेर उणे तेवीस, आत कोळशाची शेगडी,
आणि वीस वर्षांची आयझिरेक
पहिला धडा देते:
"आधी हातमोजे काढा."

झापारनं चाळीस वर्षं मेंढ्या राखल्या.
तो माउस असा धरतो
की ढील दिली तर डोंगर चढून जाईल.
बाण पडद्याच्या कडेकडे निघतो,
झापारचा हात टेबलाच्या कडेकडे.
टेबल आधी संपतं.
"उचला," आयझिरेक म्हणते, "उचलून परत मध्ये ठेवा.
बाण जागचा हलणार नाही."
तो उचलतो. ठेवतो. पडद्याकडे बघतो.
पुन्हा उचलतो.
एवढ्या साध्या गोष्टीवर विश्वास बसायला
अख्खा मंगळवार जातो.

लागोपाठ दोन टिचक्या त्याला जमत नाहीत.
एक टिचकी, मग विचार, मग दुसरी.
मधल्या वेळात यंत्र त्याला विसरलेलं असतं.

खिडकीजवळ क्युम्युश.
हिचा जन्म नमदे कापण्यात गेला.
लोकर लाटून केलेला जाड नमदा,
आपल्या बुरणुसाच्या जातीचा.
आयझिरेक कट आणि पेस्ट सांगायला लागते
तशी ती हात वर करते: हे येतं मला.
लाल खाली, काळा वर,
सुरी एकदाच फिरवायची,
मग लालातलं मेंढ्याचं शिंग काळ्यात बसवायचं,
काळ्यातलं लालात.
चिंधीसुद्धा वाया जात नाही.

"पण तुझ्या कटमध्ये भोक राहत नाही गं.
शब्द काढला की शेजारचे सरकून खेटून बसतात.
मग कळायचं कसं
की इथून काही नेलंय?"

आयझिरेक वहीत बघते.
वहीत हे नाही.

गुरुवारी सेव्ह.
सेव्ह म्हटलं की यंत्र नाव विचारतं.
झापार आपल्या फायलीला "राखाडी" म्हणतो
आणि कुणाला कारण सांगत नाही.
क्युम्युश स्वतःचं नाव टाइप करायला घेते
आणि दुसऱ्याच अक्षराला अडते.

कळफलक रशियन.
त्यावर तिचा उ नाही,
ओठांचा चंबू करून म्हणायचा तो,
नावात दोनदा येणारा.
ळ नसलेल्या टाइपरायटरवर
कुणी "बाळ" लिहायला बसावं, तसं.

पहिल्या पासपोर्टाच्या वेळी कारकून म्हणाला होता,
चालतंय हो, साधा उ घालू.
तेव्हापासून पासपोर्टात कुमुश,
पगारपत्रकात कुमुश,
पेन्शनच्या कार्डावर कुमुश.
क्युम्युश म्हणजे चांदी.
कुमुश म्हणजे काहीच नाही.
पंचावन्न वर्षं ती त्या काहीच-नाहीच्या पुढे सही करत आली.

आयझिरेक पर्समधून नेलपॉलिश काढते,
स्पेसबारच्या उजवीकडच्या एका कळीवर
लाल ठिपका देते, फुंकर घालते.
"ही दाबून धरा. सोडू नका.
आता दुसऱ्या हातानं तो साधा उ."

एका हातानं धरायचं, दुसऱ्यानं काम करायचं.
नमदाही असाच धरतात.

उ उमटतो. तिचा उ,
सरळ शेपटीचा.
मग म, मग पुन्हा तोच उ, मग श.
ती पडद्याला नाक लावते.
चष्मा काढते, पुसते, घालते.
"केवढं लहान लिहितं हे," म्हणते.

आयझिरेक अक्षर मोठं करायला शिकवते.
अठरा. छत्तीस. बहात्तर.
नाव पडद्यावर मावेना, शेवटचा श खाली पडला,
आणि नेमकी तेव्हाच वीज गेली.

शेगडीचा उजेड तेवढा राहिला.
गुरगुरणारं यंत्रसुद्धा गप्प.
"सेव्ह केलं होतं का, आजी?"

"आता बसली असती माझी टिचकी," अंधारात झापार म्हणाला.
कुणी चहा ओतला, कुणाचा पेला सांडला.
क्युम्युशनं उत्तर दिलं नाही.
तिचा अंगठा अजून ठिपक्यावर होता.
"सोडू नका" म्हणाली होती पोरगी,
सोडायचं कधी ते
अजून शिकवायचं होतं.