अंगठा

रजिस्ट्रार ऑफिसात माझा अंगठा
मशीनला ओळखू येईना.
"मावशी, पुसा. परत ठेवा."
पदराला पुसला. परत लाल दिवा.

चौतीस वर्षं उडदाचे पापड लाटले,
रेषा राहतील कुठं?
गच्चीवरच्या खाटेवर वाळून गेल्या असतील,
भुसावळचं ऊन ते, अकरा वाजेतो सगळं कडक.

भारंबेंचा मुलगा घड्याळ बघतोय.
चांगलाय. भाव पाडला, पण लाजत.
त्याच्या बायकोला मी सांगितलंय सगळं:
मागचा नळ उलटा फिरतो.
पाणी दहाव्या दिवशी, रात्री दोनला;
आधी पाइप खोकतो, तेव्हाच उठायचं.
मालगाडी गेली की कपाटाची काच वाजते,
घाबरायचं नाही.

शेवटी डाव्या करंगळीवर भागलं.
हिरवा दिवा.
जिनं त्या घरात कधी
काडीचं काम केलं नाही, तिनं विकलं.

ऑफिसचा जिना उतरताना
तिसऱ्या पायरीवर तोल गेला.
आमची तिसरी दोन बोटं खाली आहे,
गवंड्याशी हे तेव्हा किती भांडले होते.

सांगायचं राहिलं तिला.
पायाला ठाऊक होतं,
मला नव्हतं.