एदे नोवू

तिसऱ्या वर्षाची तपासणी. इको बघून डॉक्टर हिरेमठ खूश,
"शिवण झकास बसलीय की, रेळेकरबाई."
मी वडगावची शिंपीण.
शिवण कशी बसते ते मला विचारा.
विचारलं नाही. गप्प राहिले.

मग ती नवी पोरगी आली कागद घेऊन,
चंदगडकडची, बोलण्यावरून कळलं.
कागद मात्र कानडी. वर ठळक अक्षरात: एदे नोवू.
"मावशी, शून्य ते दहात किती दुखतंय?"
नोवू मला ठाऊक आहे, गिऱ्हाइकं निम्मी कानडीच,
पण हे नोवू नव्हे.
दुखणंही नव्हे नीट.
मधोमध सुताची गाठ टोचल्यागत,
डावीकडे पदराचा काठ लागला तरी चटका,
आणि त्यातच बोटभर जागा अशी
की चिमटा काढला तरी ती माझी नव्हे.
एका वितीत शून्य पण आणि दहा पण.
कुठला आकडा घालू, बाळ?

ऑपरेशनला वय? बावन्न.
"कमीच," म्हणत तिनं खूण केली.
लग्नानंतर पहिल्यांदा कुणी मला कोवळी म्हटलं.
बाई म्हणून एक खूण. साखरेची एक.
"आधी आणखी कुठं दुखायचं?"
तीस वर्षं मशीनवर वाकून पाठ,
ती दुखण्यात धरतात होय?
"धरतात. अंग आधीच शिकून बसतं."
भीती?
भ्यायला सवड कुठली? लग्नसराईचे अकरा ब्लाउज राहिलेले,
कुणाला अस्तर, कुणाचे हूक मागं, सुनेला सांगत बसले.
दिवा घालवल्यावर मात्र
रात्रभर कात्री चालत होती कानात.
तिनं खूण केली. मी बघितलं नाहीसं केलं.

"आणि पहिल्या रात्री?"
पलीकडच्या खाटेवरचा बाप्या ओरडला, त्याला इंजेक्शन मिळालं.
मी चादरीचा कोपरा चावून पडले.
तिचं पेन थांबलं.
"मागायचं होतं, मावशी.
त्या दिवसांतलं दाबलेलं दुखणं कधीकधी मुक्कामाला राहतं.
आणि तुमची ती शीर,
छातीच्या आतल्या अंगाची काढून हृदयाला जोडली ना,
तिथल्या बारीक नसा दुखावतात."

अस्सं.
म्हणजे साडीतलं कापड काढून चोळी बेतली.
चोळी टिकली. साडी अजून ओढ खाते.
हे बेतण्याआधी कुणी सांगितलं असतं तर?
तर काय, हो म्हटलंच असतं.
पण ऐकून म्हटलं असतं.

घरी दिराला माझ्या छातीवरची रेघ म्हटली की सीमाच आठवते.
भावजी, भाषण जेवल्यावर.

मधले हूक मी काढून टाकलेत,
बगलेत बंद, आत जुन्या मलमलीची पट्टी.
गोळी एक रात्रीची, नसांवरची. तिनं झोप येते,
दुखणं जरा सरकून बसतं, इतकंच.

काल सुळेभावीची रुद्रव्वा आली मापाला,
गळ्यापर्यंत पदर, या उकाड्यात.
टेप छातीवर आला तशी तिनं श्वास धरला.
मी टेप सैल केला.
"एल्ली?" विचारलं, कुठं?
बोट दाखवलं नाही तिनं.
आख्खा तळहात ठेवला.

वहीत लिहिलं: छाती छत्तीस,
डावी बाजू अर्धा इंच सैल.
शिलाई तीच.