सहा मिलिमीटर

हसले की सहा मिलिमीटर हिरडी दिसते माझी.
हे मला एकतिसाव्या वर्षी कळलं,
रामदासपेठेत, डॉक्टर पिंपळापुरेंच्या खुर्चीत,
त्यांनी स्टीलची चिमुकली पट्टी लावली तेव्हा.

त्याआधी मापं वेगळी होती.
मावसभाऊ म्हणायचा, “लोचना हसली
का नाटकाचा पडदा वर गेला समज.”
ग्रुप फोटोत आई कोपरानं ढोसायची:
ओठ मिटून, ओठ मिटून.
माझा उजवा हात इतका तयार झाला होता
की विनोद संपायच्या आत तोंडावर पोचायचा,
पदर नसतानाही पदर असल्यासारखा.

दोन सुया, नाकपुड्यांच्या कडेला, एकेक.
डास चावल्याइतकं दुखलं. पैसे मात्र डासाचे नव्हते.
पंधरा दिवसांनी आरशात हसून बघितलं,
तर वरचा ओठ अर्ध्या वाटेत थांबला,
चपला काढाव्या की नाही
अशा विचारात उंबऱ्यावर उभ्या पाहुण्यासारखा.
दात होते. हिरड्या नव्हत्या.
शेजारच्या घरातली कुणी बरी मुलगी
माझ्या आरशात हसत होती.

मग डेंटल कॉलेजातल्या एका शिकाऊ डॉक्टरीणबाईनं
सही घेऊन माझे दोन फोटो नेले,
आधीचा, नंतरचा,
नाकापासून हनुवटीपर्यंतच.
नाव लोचना, आणि कापले काय, तर डोळे.
साठ अनोळखी माणसांना दाखवले
आणि दहा सेंटिमीटरच्या रेघेवर खूण करा म्हणाली,
या टोकाला कुरूप, त्या टोकाला सुंदर.
आधी चार पूर्णांक एक.
नंतर सहा पूर्णांक आठ.
“छान फरक आलाय,” ती म्हणाली.
आला होता, खोटं कशाला बोलू.
त्या संध्याकाळी बर्डीवर उतरून
उगाच सहा दुकानं हिंडले,
हसून हसून भाव विचारला, घेतलं काहीच नाही.

फक्त ते साठ जण कोण, ते तिनं सांगितलं नाही.
एक शिंपी, दोन वकील, काही पोरंपोरी, एवढंच.
आणि मी बसते इतवारीत, वीजबिलाच्या खिडकीत,
रोज दोनशे माणसं.
काचेच्या भोकातून नोटा घेते आणि बघते:
यानं चार दिले असतील?
ही हिरव्या कुर्त्यातली, हिनं दोन?
एकाला सुटे पैसे द्यायला मुद्दाम वेळ लावला मी.
त्याचा चेहराच दोन देणाऱ्याचा होता.

चौथ्या महिन्यात ओठ पुन्हा वर सरकू लागला,
न सांगता, रोज केसभर,
सोडून गेलेला भाडेकरू
एकेक भांडं परत आणून ठेवतो तसा.
हातही आपली जुनी ड्युटी करू लागला.

परवा, सेहेचाळीस डिग्री, कूलरमध्ये पाणी नाही,
एक म्हातारा आला, डोक्याला ओला दुपट्टा,
मुठीत अकरा हजारांचं बिल.
“बाई, माह्या घरी एक बल्ब हाये अन् एक पंखा.
पंखा ताडाच्या पानाचा. मीच हालवतो.
त्याचंबी युनिट लावलं काय वो तुमी?”

हात शिक्क्याच्या पॅडवरच राहिला.
मी हसले, सहाच्या सहा मिलिमीटर,
पडदा पार आढ्यापर्यंत.
तोही हसला. तोंडात दात एक नाही,
नुसत्या हिरड्या, वर, खाली, ओल्या, गुलाबी,
कुठल्या रेघेवर मावल्या नसत्या.
रांगेतली मागची बाईपण हसली,
कशाला, ते तिला ठाऊक नव्हतं.

बिल दुरुस्तीला पाठवलं मी.
पुढच्या सुयांची तारीख चौदा आहे.
रद्द करायला डायरी उघडली, आणि तशीच मिटली.
चौदावर अंगठा उमटलाय, जांभळा,
शिक्क्याच्या शाईचा.