१००१०७४३७४३

भुसावळ यार्ड, सात नंबरची लाइन, रात्रीचे दोन.
मे महिना. लोखंडात अजून दिवस शिल्लक,
हात लावला की कळतं.
दीपनगरला कोळसा ओतून आलेले एकोणसाठ रिकामे डबे,
आणि मी नंबरटेकर, टॉर्च न् वही घेऊन
गिट्टीवरून चालत.

चौतिसावा डबा.
पहिले दोन अंक डब्याची जात. पुढचे दोन, रेल्वे कुठली.
मग साल, मग अनुक्रम,
आणि शेवटचा तीन कशाचाच नाही.
तो नुसता राखणदार.
एखादा अंक चुकीचा उतरवला तर ओरडतो,
शेजारचे दोन उलटे झाले तरी ओरडतो;
फक्त पाचाचं अंतर असलेले शेजारी
आपसांत जागा बदलून बसले
तर त्याला पत्ता लागत नाही.
आमच्या क्वार्टरच्या ओळीत असे दोघं आहेत.

सिग्नल मिळत नव्हता. वहीच्या मागच्या पानावर
वरणगावच्या नेहेते मास्तरांनी शिकवलं तसं केलं:
उजवीकडून तिना-तिनाचे गट,
एक मिळवायचा, एक वजा करायचा.
सातशे त्रेचाळिसातून सातशे त्रेचाळीस गेले.
दहातून दहा गेले.
हातात शून्य.
म्हणजे सात जातो, अकरा जातो, तेरा जातो,
तिघंही एका दमात.

"काय मांडू राह्यला भो?" तायडे पॉइंट्समन.
"डबा."
"काय हाय त्यात?"
"रिकामा आहे."

नंबराखाली खडूने लिहिलं
७ · ११ · १३
आणि गाडी वर्ध्याकडे गेली.

एकवीस दिवसांनी तोच डबा, तीन नंबरवर.
अंगभर भुकटी, आणि माझ्या तेरापुढे
दुसऱ्याच कुणाचं तिरकं अक्षर, सातावर आडवी रेघ:
३ · १७

बल्लारशाचा असेल? खाणीच्या सायडिंगवरचा?
बाई असेल?
अंकांची बेरीज तीस, तीन तर जाणारच होता,
मला दिसला नाही. कान गरम झाले.
पण सतरा काढायला
त्यालाही कुठेतरी सिग्नल मिळाला नसणार.

उरले एक लाख शहाण्णव हजार त्र्याण्णव.
एकोणिसाने भागलं, तेरा उरले.
तेविसाने अठरा. एकोणतिसाने चोवीस.
चहा आला, गार झाला, तायडेने पिऊन टाकला.
एकशे नऊला दोनच उरले, जीव वर आला.
मग पुन्हा अडतीस, पाच, एकशे सतरा,
बाक्याच बाक्या.
चार वाजता, एकशे सत्तावन्नला,
काहीच उरलं नाही.

तेवढ्यात गार्डची शिटी.
धावत जाऊन १५७ लिहिलं
आणि हात आवरला.
शेवटचा अवयव भागाकारात समोरच पडला होता,
चार अंकी, विषम,
बहुधा मूळच.
बहुधा.
ते तपासायचं काम त्या तिरक्या अक्षराकडे दिलं.

खडूचा तुकडा खिशात टाकला.
पस्तिसावा डबा.