बाजारातल्या कोंबड्या

डिसेंबरात नार्वाला साडेतीनलाच अंधार.
तार्मो कॅबिनेट उघडतो, फुंकर मारतो:
अकरा वर्षांची धूळ,
प्रोसेसरवर सुकून खडू झालेली पेस्ट.

ग्राफिक्स कार्ड नवं, तीन महिन्यांच्या रात्रपाळीचं.
ते ताटकळतं,
आजोबांना चप्पल सापडेपर्यंत
घाईचा पाहुणा दारात थांबतो तसं.

मोकळ्या रानात साठ फ्रेम.
बाजारात शिरलं की सव्वीस,
आणि कोंबड्या हवेतच अडकतात.

"बदल," लीस म्हणते.
"मग मदरबोर्ड, रॅम... सगळंच आलं."
सगळंच म्हटल्यावर
तो पेन खाली ठेवतो.

नवी पेस्ट, वाटाण्याएवढी.
सावल्या बंद. गर्दी कमी.
बाजार ओस पडलाय,
पण कोंबड्या चालतायत.

मार्चपर्यंत, तो म्हणतो,
आणि झाकणाला
दोनच स्क्रू लावतो.