काटा शून्यावर

वणी रोडच्या जिनिंगमध्ये
काट्यावर माझी रात्रपाळी.
साडेतीन ते साडेचार गाडी येत नाही;
तेवढा तास मी स्वतःच्या नावावर लावून घेतला.

मोबाइलला तडा, वहीत कापसाचे तंतू.
रद्द पावत्यांच्या पाठीवर लिहितो :
जोवर अमुक, तोवर तमुक.
सतराव्या रात्री 'एक वाढव' लिहायचं राहिलं
आणि प्रोग्राम फिरतच बसला,
नवखा ड्रायव्हर गेट न सापडता
आवारात फिरतो तसा.

पत्र्यावर खडूच्या सतरा रेघा.
मग मामेबहिणीचं लग्न,
तीन रात्री लाइन नाही,
मग नुसता आळस. खोटं कशाला बोलू?
नऊ दिवस पत्रा कोरा.

ठावरी ट्रॅक्टरवरूनच ओरडला,
"काहून बे, सुटलं का शिकणं?"
मी बोललो नाही.
रिकाम्या काट्यावर चाळीस किलो दिसत होते,
आधीच्या गाडीच्या चाकांची काळी माती.
खराट्यानं झाडली,
आकडा शून्यावर आणला,
मग हात केला, "घे वर."

साडेतीनला वही उघडली.
मधे नऊची जागा न सोडता
अठरावी रेघ ओढली,
आणि त्या जुन्या ओळीखाली
एक वाढवला.

दहावर थांबला, बाप्पा.